'फिल्मइंडिया'ची रंगवलेली मुखपृष्ठे : चित्रकार, ठसेछपाई आणि ग्रंथालयातील बांधणी

प्रास्ताविक

भारतीय चित्रपटाच्या इतिहासलेखनात जुनी चित्रपटविषयक नियतकालिके हे एक महत्त्वाचे साधन आहे, याविषयी आता दुमत राहिलेले नाही. अभ्यासक या नियतकालिकांतील परीक्षणे वाचतात, संपादकीयांतून तत्कालीन वादांचा मागोवा घेतात, जाहिरातींवरून चित्रपटसंस्थांच्या चढउतारांची कल्पना करतात. तथापि ज्या पृष्ठामुळे वाचकाने तो अंक दुकानातून उचलला, त्या मुखपृष्ठाचा विचार मात्र क्वचितच होतो. ही उपेक्षा केवळ अभिरुचीतून आलेली नाही. तिला एक अगदी व्यावहारिक कारण आहे आणि ते आपल्या ग्रंथालयांच्या बांधणीत दडलेले आहे. त्याचा विचार लेखाच्या उत्तरार्धात केला आहे.

प्रस्तुत लेखासाठी 'फिल्मइंडिया' या मासिकाची निवड केली आहे. हे मासिक इंग्रजीत निघत असे, त्यामुळे मराठी अभ्यासकाने त्याची दखल का घ्यावी असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. त्याचे संपादक बाबूराव पटेल (१९०४–१९८२) पालघरजवळील मासवणचे. त्याची मुखपृष्ठे रंगविणाऱ्यांत अग्रणी असलेले एस. एम. पंडित मराठी-कन्नड सीमेवरील गुलबर्ग्याचे आणि रघुवीर मुळगावकर गोव्याचे. ज्या चित्रपटांविषयी हे मासिक हिरिरीने लिहीत होते त्यांत पुण्याच्या 'प्रभात'चे स्थान मोठे होते. भाषा इंग्रजी असली तरी या मासिकाची घडण पश्चिम महाराष्ट्र, मुंबई आणि गोवा या परिसरातील कारागिरीची आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

ठसा, जाळी आणि रंग

या कारागिरीची पूर्वपीठिका पिंपरी-चिंचवडच्या वाचकाला अगदी जवळ सापडते. पुणे-लोणावळा लोकलने जाताना कामशेतनंतर मळवली स्थानक लागते. राजा रविवर्मा यांचा १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला शिळाछाप छापखाना पुढे या मळवलीच्या परिसरात हलविण्यात आला. त्याची मालकी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेली आणि १९७२ च्या आगीत त्याचा मोठा ठेवा नष्ट झाला. दादासाहेब फाळके यांनी काही काळ याच छापखान्यासाठी काम केले. १९०८ च्या सुमारास त्यांनी लोणावळ्यास स्वतःचा ठसे कोरण्याचा व छपाईचा कारखाना काढला, तो पुढे दादरला नेला आणि रंगीत छपाईची यंत्रसामग्री आणण्यासाठी ते १९०९ मध्ये जर्मनीला जाऊन आले. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढणारा मनुष्य आधी रंगीत ठसे बनविणारा होता, हा तपशील चरित्रग्रंथांत येतो आणि तिथेच सोडून दिला जातो. भारतात चित्रपट आणि रंगीत छपाई ही दोन क्षेत्रे प्रारंभापासून एकाच माणसांच्या हातांत होती, हे त्यातून दिसते. कोल्हापुरात बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांच्याबाबतही हेच म्हणता येईल. नाटकांचे पडदे रंगविणारा हा कलावंत आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रकेही स्वतःच रंगवीत असे. त्यांच्याच तालमीत तयार झालेली मंडळी पुढे 'प्रभात'मध्ये आली.

मुखपृष्ठ समजून घ्यायचे तर ठसेछपाईची क्रिया थोडी तपशिलात पाहणे आवश्यक आहे. छापखान्याच्या शाईला फिकट-गडद असा भेद ठाऊक नसतो. ती कागदावर लागते किंवा लागत नाही. म्हणून मूळ चित्राचे छायाचित्र घेताना कॅमेऱ्यात काचेची बारीक जाळी बसवीत. त्या जाळीमुळे चित्राचे लहानमोठ्या ठिपक्यांत रूपांतर होई. ठिपके मोठे तेथे छटा गडद, लहान तेथे फिकट. ही ठिपक्यांची प्रतिमा जस्ताच्या वा तांब्याच्या पत्र्यावर उतरवून आम्लाने खोदली, की हाफटोन ब्लॉक तयार होई. रंगीत चित्रासाठी हीच क्रिया तीन वेळा करावी लागे. निळ्या काचेतून घेतलेल्या छायाचित्रावरून पिवळ्या शाईचा ठसा, हिरव्या काचेतून किरमिजी शाईचा आणि लाल काचेतून आकाशी निळ्या शाईचा. बहुधा चौथा ठसा काळ्या शाईचा असे. प्रत्येक ठशाची जाळी वेगळ्या कोनात फिरवून ठेवावी लागे, अन्यथा ठिपक्यांच्या रांगा एकमेकींशी भिडून कागदावर पाण्यासारख्या लहरी उमटत.

यात गफलतीला वाव भरपूर होता. एखादा ठसा केसभर सरकला तरी नायिकेच्या ओठांचा लाल रंग ओठांबाहेर जाई. जुन्या अंकांच्या मुखपृष्ठांवर अशी सरकलेली लाली पुष्कळदा पाहावयास मिळते. चांगले रंगीत ठसे छापण्यासाठी गुळगुळीत आर्ट पेपर लागे आणि तो महाग असे. म्हणून मुखपृष्ठ वेगळ्या कागदावर, वेगळ्या वेळी छापून आतल्या साध्या कागदाच्या फर्म्यांना जोडले जाई. मुखपृष्ठ हा अंकाचा असा 'सुटा' भाग होता, ही गोष्ट येथे नोंदवून ठेवू. तिचे परिणाम पुढे दिसतील.

कृष्णधवल पडदा आणि रंगीत मुखपृष्ठ

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. 'फिल्मइंडिया' १९३५ मध्ये सुरू झाले. त्या काळी नटनट्यांची रंगीत छायाचित्रे सहज उपलब्ध नव्हती. कोडॅक्रोम ही फिल्म अमेरिकेत त्याच वर्षी बाजारात आली होती आणि इथल्या मासिकाला ती परवडण्याजोगी नव्हती. चित्रपट स्वतः कृष्णधवल होते. १९३३ मध्ये 'प्रभात'ने 'सैरंध्री' रंगीत करण्याचा घाट घातला. त्याच्या प्रती जर्मनीत तयार झाल्या, परंतु रंगांचा प्रयोग फसला. 'किसान कन्या' (१९३७) हा आपल्याकडील पहिला देशी बनावटीचा रंगीत बोलपट मानला जातो, पण त्यानेही प्रघात पडला नाही. 'आन' (१९५२), 'झांसी की रानी' (१९५३), 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) येईपर्यंत रंगीत पडदा ही प्रेक्षकाच्या दृष्टीने अपूर्वाईच होती, आणि त्यानंतरही अनेक वर्षे बहुसंख्य चित्रपट कृष्णधवलच निघत राहिले.

अशा स्थितीत चित्रकाराच्या हाती कृष्णधवल स्थिरचित्र येई आणि त्यावरून त्याला रंगीत चित्र करावे लागे. नायिकेच्या लुगड्याचा रंग कोणता, तिची कांती कशी, तिच्यामागची संध्याकाळ केशरी की जांभळी, हे सर्व त्याने ठरवायचे. प्रेक्षकाने पडद्यावर जो चेहरा करड्या छटांत पाहिला तो त्याला रंगांत दिसला तो मुखपृष्ठावर, भित्तिपत्रकावर आणि चित्रपटगृहाच्या दर्शनी भागातील शोकार्डांवर. १९३० व १९४० च्या दशकांतील भारतीय चित्रपटाला रंग नव्हता असे आपण म्हणतो. रंग होता, तो फिल्मवर नसून कागदावर होता, आणि तो देणारी माणसे चित्रपटांच्या श्रेयनामावलीत कुठेही नाहीत. प्रस्तुत लेखकाच्या मते या मुखपृष्ठांचे खरे ऐतिहासिक मूल्य येथे आहे. त्या काळातील प्रेक्षकाच्या मनातील रंगांचा एवढा थेट पुरावा अन्यत्र मिळणे कठीण आहे.

पंडित आणि मुळगावकर

एस. एम. पंडित (१९१६–१९९३) यांचे शिक्षण मद्रास येथे आणि नंतर मुंबईत दंडवतीमठ यांच्या 'नूतन कलामंदिरा'त व सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये झाले. शिक्षणानंतर ते जाहिरातीच्या व्यवसायात आले आणि मेट्रो-गोल्डविन-मेयर या अमेरिकन कंपनीच्या चित्रपटांसाठी शोकार्डे रंगवू लागले. मुंबईचे 'मेट्रो' चित्रपटगृह १९३८ मध्ये उघडले, तो हा काळ. शोकार्ड म्हणजे जाड पुठ्ठ्यावर अपारदर्शक जलरंगांनी केलेले चित्र. ते प्रेक्षकाला हातभर अंतरावरून दिसणार, म्हणून त्यात भित्तिपत्रकाचा ढोबळपणा चालत नसे, आणि चित्रपट बदलला की ते निकामी होणार, म्हणून ते झटपट व्हावे लागे. वेग आणि नजाकत यांचा हा मेळ पंडितांच्या मुखपृष्ठांत स्पष्ट दिसतो. चेहरा पानभर मोठा, किंचित वळलेला. एका गालावर उबदार पिवळसर प्रकाश, तर दुसऱ्या कडेला निळसर थंड प्रकाशाची रेघ. पार्श्वभूमी जवळजवळ मोकळी, परंतु ब्रशचे फटकारे लपविलेले नाहीत. दोन बाजूंनी येणारा हा प्रकाश हॉलिवूडच्या स्टुडिओतील छायाचित्रांचा आहे. पंडितांनी तो कृष्णधवल छायाचित्रांतून उचलला आणि त्याला उष्ण-शीत रंगांची जोड दिली.

रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांची वाट थोडी वेगळी. फवाऱ्याने रंग देण्याच्या तंत्रावर त्यांची विलक्षण पकड होती. त्यामुळे त्यांच्या चित्रांतील कांती ब्रशच्या खुणेविना, जणू आतून उजळल्यासारखी भासते. मराठी घरांना मुळगावकर परिचित आहेत ते देवदेवतांच्या दिनदर्शिकांमुळे आणि दिवाळी अंकांमुळे. त्यांच्या लक्ष्मी-सरस्वतींच्या चेहऱ्यांत तत्कालीन नट्यांच्या चेहऱ्यांची ठेवण आहे, अशी टीका होत आली आहे. ती टीका अगदीच निराधार नाही. मात्र तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. रविवर्म्यापासून देवीचा आणि नायिकेचा चेहरा एकाच कारागिराच्या हातून, एकाच छपाईतंत्रातून येत होता, त्यामुळे दोहोंचे साम्य अटळच होते.

याच पिढीतील दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांची आठवण येथे साहजिकच होते. त्यांच्या 'दीपावली' अंकाची मुखपृष्ठे आजही प्रदर्शनांतून पाहावयास मिळतात, त्यांवर लेख लिहिले जातात. दलालांची योग्यता वादातीत आहे. परंतु दिवाळी अंक घरात जपून ठेवण्याची प्रथा होती, चित्रपटाचे मासिक मात्र केशकर्तनालयातून रद्दीत जाई, आणि सुसंस्कृत घरात ते उघडपणे ठेवण्याचा संकोचही असे. कोणाची कला टिकली आणि कोणाची विस्मरणात गेली, हे ठरविण्यात या सवयीचाही वाटा आहे.

संपादकाची लेखणी आणि मुखपृष्ठाचा चेहरा

बाबूराव पटेल हे प्रखर, प्रसंगी कमालीचे कठोर लिहिणारे संपादक होते. त्यांनी स्वतः चित्रपट दिग्दर्शित केले होते, त्यामुळे निर्मात्यांची बलस्थाने आणि लबाड्या दोन्ही त्यांना ठाऊक होत्या. वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी दिलेली तिरकस उत्तरे हा मासिकाचा सर्वांत लोकप्रिय भाग होता. १९३८-३९ मध्ये 'द ड्रम' आणि 'गंगा दिन' यांसारख्या भारताची विटंबना करणाऱ्या परदेशी चित्रपटांविरुद्ध त्यांनी मोठी मोहीम चालविली. गंमत अशी, की आतल्या पानांत विलायती आणि अमेरिकन चित्रपटांवर आसूड ओढणाऱ्या या मासिकाच्या मुखपृष्ठावर प्रकाश मात्र हॉलिवूडचा होता, आणि तो रंगविणारा हात मेट्रो-गोल्डविनच्या शोकार्डांवर तयार झालेला होता. याला दांभिकता म्हणणे घाईचे ठरेल. मुखपृष्ठ हे अंकाचे दुकान होते. आत काय म्हणायचे याचे स्वातंत्र्य संपादकाला हवे असेल तर बाहेर काय दिसावे याबाबत त्याला बाजाराशी जमवून घ्यावे लागे. प्रत्येक स्वतंत्र बाण्याच्या संपादकाने हा व्यवहार आपापल्या परीने केलेला आढळतो.

हा व्यवहार जेथे नव्हता तेथे काय घडले, हे पाहण्यासाठी पोलंडचे उदाहरण उपयुक्त आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे चित्रपटांचे वितरण शासनाच्या हाती गेले आणि भित्तिपत्रके करण्याचे काम हेन्रिक तोमाशेव्स्की (१९१४–२००५) यांच्यासारख्या कलावंतांकडे आले. तिकीटविक्रीची चिंता नसल्याने नायक-नायिकेचा चेहरा दाखविण्याचे बंधन उरले नाही. एखादी रेघ, एखादे प्रतीक, एवढ्यावर चित्रपटाचा आशय सांगणारी भित्तिपत्रके तेथे निर्माण झाली. १९६६ मध्ये वॉर्सा येथे भित्तिपत्रकांचे आंतरराष्ट्रीय द्वैवार्षिक प्रदर्शन सुरू झाले आणि १९६८ मध्ये त्यांचे स्वतंत्र संग्रहालय उघडले. लक्षणीय बाब ही, की त्याच पोलंडमधील १९४६ मध्ये सुरू झालेल्या 'फिल्म' या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर प्रामुख्याने तारे-तारकांची छायाचित्रेच येत राहिली. तेथे भिंत चित्रकाराकडे गेली आणि मुखपृष्ठ छायाचित्रकाराकडे राहिले. आपल्याकडे दोन्ही जागा एकाच चित्रकाराकडे होत्या आणि दोन्हीकडे त्याला चेहराच रंगवायचा होता. पोलिश भित्तिपत्रकांना जागतिक प्रतिष्ठा लाभली. चेहऱ्याच्या चौकटीतच रंगाचा विचार करणाऱ्या आपल्या चित्रकारांचे मोजमाप त्या फूटपट्टीने करू नये, असे वाटते.

पुढे पडद्यावर रंग आला, रंगीत पारदर्शिका स्वस्त झाल्या, ऑफसेट छपाई रुळली आणि रंगवलेल्या मुखपृष्ठाची गरज सरली. 'फिल्मइंडिया'चेही १९६० च्या सुमारास 'मदर इंडिया' झाले आणि त्याचा कल राजकारणाकडे गेला. बाबूराव पटेल १९६७ मध्ये लोकसभेवर निवडून आले. पंडित व्यावसायिक कामांतून बाजूला होऊन पौराणिक विषयांवरील मोठ्या तैलचित्रांकडे वळले.

बांधणी, निर्लेखन आणि रद्दी

मुखपृष्ठ हा अंकाचा सुटा भाग होता, असे वर म्हटले आहे. ग्रंथालयात वर्षाचे बारा अंक एकत्र बांधले जातात तेव्हा बाइंडर प्रथम टाचण्या काढतो, मुखपृष्ठे व मलपृष्ठे बाजूला करतो, जाहिरातींची पाने असल्यास तीही काढतो, मग शिलाई करून तिन्ही कडा कापतो. खंडाची जाडी कमी होते, काम सोपे होते. वाचनीय मजकूर तेवढा ठेवावा, बाकी आवरण आहे, ही त्यामागील समजूत असते. परिणामी अनेक जुन्या ग्रंथालयांतील नियतकालिकांचे खंड उघडले की कापडी पुठ्ठ्यानंतर सरळ अनुक्रमणिका किंवा संपादकीय येते. मुखपृष्ठे कधीच गेलेली असतात. अभ्यासकांनी मुखपृष्ठांवर लिहिले नाही, कारण त्यांच्यासमोर आलेल्या खंडांत ती नव्हतीच. केवळ 'फिल्मइंडिया'च नव्हे, तर 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' यांसारख्या मराठी मासिकांच्या बाबतीतही हे लागू आहे.

आता दुसरा टप्पा आला आहे. जागेची टंचाई, मूल्यांकन समित्यांच्या भेटी, संगणकीकरण या कारणांनी महाविद्यालयीन ग्रंथालयांत निर्लेखनाचा वेग वाढला आहे. 'जीर्ण व वापरात नसलेले' या शेऱ्यासह जुने खंड वजनावर विकले जातात. एका महाविद्यालयात अशी यादी पाहण्याचा योग आला तेव्हा नियतकालिकांच्या खंडांपुढे शीर्षक व वर्ष एवढीच नोंद होती. आत मुखपृष्ठे आहेत किंवा नाहीत, हे पाहण्याचा रकानाच नव्हता. आपल्या औद्योगिक पट्ट्यात रद्दीला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. चाकणच्या कारखान्यांना खोक्यांचा पुठ्ठा सतत लागतो, आणि जुन्या कागदाचा लगदा करून पुठ्ठा बनविणे हा कागदव्यवसायाचा नित्याचा भाग आहे. चिखली-कुदळवाडीच्या भंगार गोदामांवर फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने मोठी कारवाई केली आणि गोदामे जमीनदोस्त झाली. तरी रद्दी कुठे ना कुठे जातेच.

या पार्श्वभूमीवर प्राध्यापक व ग्रंथपाल यांना सहज करता येण्याजोग्या काही गोष्टी आहेत. निर्लेखनाच्या यादीत १९७० पूर्वीची सचित्र नियतकालिके आढळल्यास प्रत्येक खंड उघडून पाहावा. मुखपृष्ठे असतील तर दहापट मोठे दाखविणारे भिंग लावावे. ठिपक्याची कड मधल्या भागापेक्षा गडद दिसत असेल आणि पानाच्या मागील बाजूस बोट फिरविल्यावर किंचित दाब जाणवत असेल, तर ती ठसेछपाई आहे. ठिपका सर्वत्र सारखा व सपाट असेल तर ऑफसेट. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात सही शोधावी. 'फिल्मइंडिया'च्या अनेक मुखपृष्ठांवर ती स्पष्ट आहे, आणि चित्रकाराचे नाव अंकात अन्यत्र नसले तरी तेथे सापडते. बांधणीचे नवे काम देताना मुखपृष्ठे व जाहिराती अंकासह शिवाव्यात आणि कडा कापू नयेत, एवढी सूचना कार्यादेशात लिहिली तरी पुरते.

पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. २०२२ पासून ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग झाले आहे. चित्रपटांच्या जोडीने भित्तिपत्रके, गाण्यांच्या पुस्तिका, स्थिरचित्रे यांचा संग्रह तेथे आहे. महाविद्यालयाला जे सांभाळणे शक्य नाही, ते देऊ करण्यासाठी तेथे किमान विचारणा करावी. 'फिल्मइंडिया'च्या अनेक वर्षांचे अंक 'मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररी'ने इंटरनेटवर खुले केले आहेत आणि वर्गात दाखविण्यासाठी ते उत्तम आहेत. परंतु डिजिटल प्रतिमेत ठशाचा दाब हाताला लागत नाही, आणि रंग पडद्यागणिक बदलतात. आपल्याकडील मुखपृष्ठांचे स्कॅनिंग करताना ते रंगीतच करावे. काटकसरीसाठी कृष्णधवल प्रत काढली तर या मुखपृष्ठांतील जे मुख्य तेच जाते. प्रत्येक प्रतिमेत कडेला प्रमाणित रंगपट्टी व मोजपट्टी ठेवावी, मागची बाजूही स्कॅन करावी. भारतीय कायद्यानुसार कलाकृतीचे स्वामित्व कलावंताच्या निधनानंतर ६० वर्षे टिकते. म्हणजे मुळगावकरांच्या चित्रांबाबत २०३६ अखेरपर्यंत आणि पंडितांच्या चित्रांबाबत २०५३ अखेरपर्यंत. तेव्हा प्रतिमा प्रकाशित करण्यापूर्वी परवानगीचा विचार करावा लागेल. संशोधनासाठी जवळ बाळगण्यास व वर्गात दाखविण्यास मात्र हा कायदा आड येत नाही.